चौदा क्लबांचे कुळ

पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजसत्तेला गोल्फ मुळीच मानवत नव्हते. 1457 साली दुसऱ्या जेम्सच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे लागली होती. 1471 आणि 1491 साली तीच बंदी पुन्हा जाहीर करावी लागली, त्यावरून ती कितपत पाळली जात होती ते कळतेच. पुढे 1502 च्या सप्टेंबरात राजाच्या खजिन्याच्या वहीत एक नोंद झाली: पर्थ गावच्या धनुष्यकाराला क्लबांसाठी 14 शिलिंग. राजा चौथा जेम्स स्वतःच आता गोल्फ खेळू लागला होता. ज्या धनुष्याच्या काळजीपोटी खेळावर बंदी आली, ते धनुष्य घडवणाऱ्याच्याच हातून क्लबही आले.

यात नवल नाही. लाकडाची काठी किती वाकेल, कुठे वाकेल आणि वाकून किती वेगाने सरळ होईल, हे त्या काळी धनुष्यकाराइतके कुणाला ठाऊक नव्हते. 1603 मध्ये सहाव्या जेम्सने एडिंबराच्या विल्यम मेन या धनुष्यकारालाच तहहयात राजाचा क्लब-कारागीर नेमले. गोल्फच्या क्लबांच्या कुळाचा मूळपुरुष असा धनुष्यकार आहे. त्याचा वारसा आजही दुकानात पहिल्याच प्रश्नातून पुढे येतो: शाफ्ट किती लवचीक हवा?

हौशी गोल्फर पहिला सेट घ्यायला जातो तेव्हा त्याच्यापुढे आकडे आणि अक्षरे यांची रांग उभी राहते. 5, 6, 7 आयर्न, आर, एस, डी-2, लॉफ्ट, लाय, लांबी. हे सारे निसर्गनियमासारखे ठाम वाटते आणि आपणच त्यात बसायला हवे असा समज होतो. या आकड्यांचा जन्म कसा झाला हे कळले की तो समज गळून पडतो.

सुरुवातीच्या कित्येक पिढ्या क्लबांना आकडे नव्हतेच. लांबचा फटका मारायचा तो प्ले-क्लब, मग निरनिराळ्या लांबीचे स्पून, आणि शेवटी पटर. डोके सफरचंद, पेअर किंवा बीचच्या लाकडाचे, लांबट आणि चिंचोळे. पाठीत शिसे ओतलेले, तळाच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी. दांडा अॅश किंवा हेझलचा. दांडा आणि डोके तिरके कापून सरसाने जोडत आणि जोडावर डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट अँड्र्यूजच्या ह्यू फिल्पने या कामात अशी सफाई आणली की त्याचे पटर आज संग्राहकांच्या मर्मबंधातली ठेव झाले आहेत.

लोखंडी डोक्याचे क्लब तेव्हा मोजकेच होते आणि त्याचे कारण चेंडूत होते. चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरलेला तो ‘फेदरी’ चेंडू भारी महाग असे, आणि लोखंडाच्या एका चुकार घावाने फाटे. त्यामुळे लोखंड बाहेर निघे ते वाळूतून किंवा गाडीच्या चाकोरीतून सुटका करून घेण्यापुरते. 1848 च्या सुमारास मलायातून येणाऱ्या गटापर्चा या झाडाच्या चिकाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, पक्का होता, लोखंडाच्या माराला दाद देत नव्हता. पण तो इतका कठीण होता की लांबट लाकडी डोकी फुटू लागली. मग डोकी आखूड आणि जाड झाली, दांड्यासाठी अमेरिकेतून येणारे चिवट हिकरीचे लाकूड रुळले आणि लोहारांच्या भट्ट्यांतून क्लीक, मॅशी, निब्लिक अशी लोखंडी भावंडे जन्माला आली. शतकाअखेर अमेरिकेच्या कोबर्न हॅस्केलने रबराचा धागा गुंडाळून केलेला चेंडू आणला आणि लाकडी डोक्यांसाठी पर्सिमन हे अमेरिकी लाकूड पसंतीला उतरले. विदर्भाच्या जंगलात ज्याची पाने विडीसाठी तोडतात त्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतले हे झाड. त्याच्या घट्ट, जड लाकडाने पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे ‘वूड’ या नावाला अर्थ दिला.

हिकरीच्या काळाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन हिकरी दांडे एकसारखे कधीच नसत. एक अंमळ ताठ, दुसरा थोडा पिळदार. कारागीर दांडा तासून त्याची लवचीकता बदलू शके. खेळाडू क्लब हातात घेऊन हलवून पाही, आणि एकेक करत, वर्षानुवर्षे, आपल्या हाताला पटलेले क्लब गोळा करी. सेट विकत मिळत नसे, तो जमत असे. बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने 1930 साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या ओपन आणि अमॅच्युअर स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, त्या अशाच जमवलेल्या हिकरीच्या क्लबांनी.

तोवर पोलादी नळीचा दांडा दाराशी येऊन उभा होता. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ या नियम ठरवणाऱ्या संस्थेने 1929 मध्ये त्याला मान्यता दिली. 1931 ची यूएस ओपन बिली बर्कने पोलादी दांड्यांनी जिंकली आणि हिकरीचा काळ सरला. पोलादाने एक मोठी गोष्ट शक्य केली: हजार दांडे हुबेहूब एकासारखे एक. कारखान्याला प्रथमच ‘जुळलेला सेट’ करून विकता येऊ लागला. मॅशी आणि निब्लिक ही नावे मागे पडली, त्यांच्या जागी 1 ते 9 आकडे आले. प्रत्येक पुढचा आयर्न अर्धा इंच आखूड, तोंड सुमारे चार अंशांनी अधिक कललेले, डोके सुमारे सात ग्रॅमने जड. याच सुमारास रॉबर्ट अॅडम्सने स्विंगवेट मोजण्याचा काटा तयार केला. ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर क्लब तोलायचा आणि डोक्याकडचा भार किती जाणवतो ते अक्षर-आकड्यात वाचायचे. पुरुषांच्या क्लबांवर आज दिसणारा डी-2 तिथूनच आला.

आकडे आले तसे क्लबही वाढत गेले. अर्ध्या-अर्ध्या अंतरासाठी वेगळा क्लब विकणे कारखान्याच्या सोयीचे होते. 1934 आणि 1935 अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रिटिश आणि अमेरिकन अमॅच्युअर जिंकणाऱ्या लॉसन लिटलच्या पिशवीत तीसच्या आसपास क्लब असत. अर्धा फटका, दाबून मारलेला फटका, उंच सोडलेला फटका हे कसब क्लब बदलण्यापुढे फिके पडू लागले आणि कॅडीच्या खांद्याचे ओझे वाढले. म्हणून 1938 च्या प्रारंभी अमेरिकेत आणि वर्षभराने ब्रिटनमध्ये 14 क्लबांची मर्यादा आली. ती आजही तशीच आहे.

या व्यवस्थेत एक उणीव होती. हुबेहूब एकासारखे एक क्लब झाले, पण माणसे तशी होत नाहीत. कारखान्याने एक मधला माणूस कल्पिला, बहुधा अमेरिकी, पाच फूट नऊ-दहा इंच उंच, आणि बाकीच्यांनी त्याच्या मापाच्या क्लबांशी जुळवून घ्यावे अशी रीत पडली. ती मोडायची सुरुवात एका हौशी माणसाने केली.

कार्स्टन सोल्हाइमचा जन्म 1911 साली नॉर्वेतल्या बर्गनचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत सिअॅटलला गेले. तिथे त्याने आधी चपला-बूट दुरुस्त करण्याचे दुकान चालवले आणि पुढे तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर झाला. चाळिशी उलटल्यावर सहकाऱ्यांच्या आग्रहाने गोल्फ खेळू लागला आणि पटिंग काही जमेना. चेंडू मध्यावर नाही लागला की पटरचे तोंड फिरते, हे त्याने पाहिले. मग साखरेच्या दोन चौकोनी वड्या आइस्क्रीमच्या काड्यांना चिकटवून त्याने कल्पना तपासली: वजन मध्यावरून काढून दोन टोकांना नेले तर तोंड कमी फिरते. 1959 मध्ये घराच्या गॅरेजमध्ये केलेल्या त्याच्या पहिल्या पटरचा चेंडूला लागताना ‘पिंग’ असा नाद येई, तेच नाव झाले. 1966 च्या ‘अॅन्सर’ पटरचे पहिले रेखाटन त्याने ग्रामोफोन रेकॉर्डच्या वेष्टनावर केले होते. वजन कडेला नेण्याची हीच युक्ती पुढे आयर्नना लागू झाली, आणि मध्य चुकवणाऱ्या सामान्य खेळाडूला तिने सर्वांत मोठा दिलासा दिला.

हौशी माणसाची तक्रार आणि इंजिनिअरची खटपट यांची ही जोडी पहिलीच नव्हती. जनरल इलेक्ट्रिकच्याच स्केनेक्टडी इथल्या आर्थर नाइटने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यावर दांडा बसवलेला पटर केला. वॉल्टर ट्रॅव्हिसने त्याच पटरने 1904 ची ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली. आर अँड ए ने 1910 मध्ये अशा पटरना मनाई केली, ती उठायला चाळीस वर्षे लागली.

सोल्हाइमची दुसरी देणगी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. 1970 च्या दशकात त्याने आयर्नना रंगीत ठिपक्यांची पद्धत लावली. खेळाडूची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे, तक्त्यात पाहायचे आणि त्या रंगाचा क्लब घ्यायचा. काळा ठिपका मधल्या मापाचा, निळा अधिक उभ्या कोनाचा, लाल अधिक पसरट. हा कोन म्हणजे लाय. चेंडूला लागताना क्लबचा तळ जमिनीशी सपाट असायला हवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचे टोक वर राहिले तर चेंडू डावीकडे जातो, टाच वर राहिली तर उजवीकडे. तोंड जितके कललेले तितकी ही चूक मोठी, म्हणून वेजमध्ये ती सर्वांत जास्त भोवते. खेळाडूला वाटते आपला हात वळतो आहे. तो स्विंगमध्ये उतारा शोधत राहतो, आणि चुकीच्या मापावर उपाय म्हणून नवी वाईट सवय लावून घेतो.

आपल्याकडे हा मुद्दा अधिकच लागू आहे. गोल्फ भारतात फार लवकर आले. कलकत्त्याची गोल्फ-संस्था 1829 ची, मुंबईची 1842 ची. पण क्लब बहुतेक बाहेरूनच येत राहिले, बाहेरच्यांच्या मापाचे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण साडेपाच फूट. चेंबूर किंवा पुण्याच्या कोर्सवर खेळणारा आपला माणूस मधल्या मापाचा, बहुतेकदा कुणाचा तरी वापरलेला, सेट घेतो तेव्हा तो त्याला जुळण्याची शक्यता मुळातच कमी असते. मात्र नुसत्या उंचीवर जाऊ नये. बुटका पण आखूड हातांचा माणूस आणि उंच पण लांब हातांचा माणूस यांचे मनगट जमिनीपासून सारख्याच अंतरावर असू शकते.

तपासणी अवघड नाही. चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढायची, ती क्लबकडे करून चेंडू ठेवायचा आणि मारायचा. तोंडावर उमटलेली रेघ सरळ असेल तर लाय ठीक. कललेली असेल तर क्लब वाकवून घ्यावा. घडवलेल्या मऊ पोलादाचे आयर्न यंत्रावर सहज वाकतात, ओतीव स्टेनलेस स्टीलचे एक-दोन अंशच मानवतात. लांबी बदलली की तोलही बदलतो हे विसरू नये: अर्ध्या इंचाने स्विंगवेट तीन घरे हलते, तर डोक्यावर दोन ग्रॅम वाढवले की एक घर.

आकड्यांवर विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे. 1970 च्या दशकात 7 आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, 38 अंशांच्या आसपास असे. आज अनेक सेटमध्ये तो 30 किंवा त्याहूनही कमी असतो. नव्या 7 आयर्नने चेंडू लांब जातो तो बराचसा यामुळे. याची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते. पिचिंग वेज 43 अंशांचा आणि जीन सॅराझनने 1932 मध्ये गाजवलेला सँड वेज 56 चा, तर मध्ये 13 अंशांची दरी पडते. सेट घेताना तळावरचा आकडा बाजूला ठेवून अंश विचारावेत. शाफ्टचा ताठपणा सांगणाऱ्या आर आणि एस या अक्षरांनाही सर्वमान्य माप नाही, एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो.

ड्रायव्हरचेही तसेच. पर्सिमनच्या काळात तो 43 इंचांचा असे, आज दुकानातला साडेपंचेचाळीसच्या पुढे जातो. लांबी वाढली की वेग वाढतो आणि मध्य चुकतो. 2008 पासून नियमांनी कोन बदलता येणाऱ्या डोक्यांना वाव दिला, त्यामुळे आता किल्लीने लॉफ्ट कमी-जास्त करता येतो. फेरी चालू असताना मात्र मुद्दाम बदल करता येत नाही. मध्यम वेगाच्या हौशी खेळाडूने साडेदहा ते बारा अंशांना लाजू नये. त्याचा चेंडू हवेत टिकायला ती मदत लागतेच.

म्हणून क्रम असा असावा: आधी लाय आणि लांबी, मग अंशांमधल्या दऱ्या, मग शाफ्ट, आणि शेवटी ड्रायव्हर. 14 ही नियमाची कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. हाताला न पटणारे 3 आणि 4 आयर्न घरी ठेवून त्यांच्या जागी एखादा हायब्रिड घेतला, किंवा दहाच क्लबांनी वर्षभर खेळले, तरी काही उणे होत नाही. माप जुळल्याने स्विंग सुधारत नाही, पण सुधारायचे ते कुठे हे खरे दिसू लागते. विजेत्या व्यावसायिकाकडे कारागीर असतातच. तपासून, वाकवून, कमी-जास्त करून घेण्याची सर्वांत जास्त गरज आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या हौशी माणसाला आहे, आणि तो हक्क त्याने निःसंकोच मागून घ्यावा.