जात्यावर दोघी



आज आम्ही जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमच्या आईला, आजीला येतच होत्या की. खरं आहे. पण एकटीनं गाणं म्हणणं आणि दोघींनी मिळून म्हणणं यात किती फरक असतो, हे आम्हाला मागच्या वर्षी आमच्या गटात एक भांडण झालं तेव्हा कळलं. ते भांडण आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळतो.

आमच्या गटात दोन जावा आहेत. थोरली सत्तरीची, धाकटी चार-पाच वर्षांनी लहान. लग्न होऊन आल्यापासून दोघी एकाच जात्यावर दळायच्या. रेडिओवर ओव्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा आम्ही दोघींना घेऊन गेलो. खोलीचं दार बंद, पंखा बंद, समोर माईक. तिथं सांगितलं गेलं, "एकेकीनं म्हणा, आवाज एकमेकांत मिसळतायत." थोरलीनं सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला अडली. धाकटीला एकटीला म्हणायला सांगितलं तर तिला पहिली ओळच सुचेना. कशाबशा आठ ओव्या भरल्या. कार्यक्रम लागला त्या दिवशी आम्ही सगळ्या समाजमंदिरात ऐकायला बसलो. नाव आलं ते एकट्या थोरलीचं. धाकटी उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही, बचतही पाठवली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पयली ओळ तिनं उचलली म्हणून ओव्या तिच्या झाल्या व्हय? त्यातल्या पाच माझ्या आईच्या हायत. माझ्या म्हायेरच्या. या घरात म्या आणल्या."

थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "आणल्या असतील. पर इतकी वर्सं उचलल्या कुणी? तिला दम पुरायचा न्हाई."

दोघींचंही खरं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही आमच्याच गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत गेलो, मिळेल ते वाचलं. त्यातलं काही तुम्हाला सांगतो.

ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं नोंद करून ठेवलंय की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्याही दीडशे वर्षांहून आधी ओवी बायकांच्या तोंडी होती. आपण ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

कांडण असो की दळण, काम जड. लहान जातं एकटीनं ओढता येतं, पण मोठ्या घरातलं, पंधरा-वीस माणसांच्या भाकरीचं जातं दोघींशिवाय फिरत नाही. दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. मधूनच एकीनं हात सोडून मूठभर वैरण घालायची, तेवढा वेळ भार दुसरीवर. आता यात गाणं म्हणायचं. श्वास कुठं घ्यायचा हे आपण ठरवत नाही, दगड ठरवतो. एकीची घाई आणि दुसरीचा आळस असेल तर खांदा दुखतो, पीठ भरड पडतं आणि ओळ मधेच तुटते. बाजरी असली तर चाल वेगळी, ओलसर नाचणी असली तर वेगळी. पुस्तकात ओवी दोन ओळींची दिसते, पण गाताना तसं नसतं. एकेक शब्द दोनदा-तीनदा येतो, मधे 'बाई', 'गं' येतं, प्रत्येक गावाची आपली एक टेक असते. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं धरायची. दुसरीनं धरलेल्या वेळात पहिली पुढची ओळ आठवते. आता कळलं ना, त्या बंद खोलीत दोघी का अडल्या?

पण खरी अडचण दगडाची नव्हती, नात्याची होती. जात्यावर समोर कोण बसणार हे सुनेच्या हातात नव्हतं. सासूच्या जाचाच्या ओव्या शेकड्यांनी आहेत. त्या सासू समोर बसलेली असताना म्हणायच्या कशा? आमच्या गावातली एक आजी म्हणाली, "आत्याबाई बसल्या की द्येवाच्या ओव्या, जाऊबाई बसली की घरच्या, आन् पंचमीला म्हायेरी गेलं की मग समद्या." म्हणजे जोडीदारीण बदलली की गाणं बदलायचं. सासू आत झोपली असेल तर थोडी ऐकू जाईल अशी एखादी सोडायची, ही गंमत निराळी.

दुसरी अडचण नावाची. पुष्कळ ओव्यांत भावाचं किंवा लेकाचं नाव घालायला जागा असते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण भावाचं घ्यायची सगळी हौस तिथं. मग पहिलीनं तिच्या भावाचं नाव घातलं की दुसरीनं काय करायचं? तिच्याच भावाचं कौतुक परत म्हणायचं की आपल्या भावाचं नाव घालायचं? काही घरांत आळीपाळी ठरलेली असायची. काही घरांत थोरलीच्या भावाचं नाव आधी, मानपानासारखं. हसू नका, यावरून अबोले झालेले आहेत.

आणि ओवी कुणाची हा प्रश्न तर मुळापासूनच अवघड. मुलगी आईकडून ओव्या शिकते, लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. तिथं तिच्यासमोर तिसऱ्याच गावातून आलेली जाऊ बसते. दोघींच्या माहेरच्या ओव्या एका जात्यावर एकत्र होतात, मग त्या घरातली लेक त्या घेऊन चौथ्या गावी जाते. म्हणून तर एकच ओवी दोन लांबच्या गावांत सापडते, फक्त भावाचं नाव वेगळं.

जिला समोर बसायला कुणीच नव्हतं ती आपली जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी, दळण तिच्या एकटीच्या वाट्याला. लोक सांगतात की तिच्याबरोबर दळायला विठ्ठल आला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात, वारीला गेलेल्या तुमच्यातल्या पुष्कळजणींनी ते पाहिलं असेल. आम्ही ते नेहमी भक्तीची गोष्ट म्हणून ऐकलं. आमच्या धाकटीनं मात्र ते ऐकून विचारलं, "मग वळ कोण उचलायचं? जनी का विठोबा?"

पुढं लिहिणारे आले. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' छापलं, ते १९४० च्या सुमारास. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याची पुस्तकांमागून पुस्तकं काढली. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेवांमुळे राहिली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. या सगळ्यांचे उपकार मोठे आहेत. ते नसते तर गिरणी आल्यावर किती ओव्या बुडाल्या असत्या कोण जाणे. पण कागदावर शब्द येतात. चाल येत नाही, आणि समोर बसून ओळ धरणारी तर येतच नाही.

याच्या पुढचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी केलं. गी मूळचे फ्रान्सचे, इथलेच होऊन राहिले. पुण्याहून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी मिळून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजाराच्यावर गावांतून. पुष्कळ ओव्या आवाजासकट टेपवर घेतल्या आणि गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवलं. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या मोबाईलवरही ऐकता येतात. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत, त्या जरूर ऐका. देवाच्या जागी, भावाच्या जागी बाबासाहेब बसवले आहेत. ज्यांच्या ओव्या फारसं कुणी लिहून घ्यायला गेलं नव्हतं, त्यांच्या नावासकट त्या तिथं आहेत.

हे ऐकून आम्हाला आमच्या चुकीची लाज वाटली. रेडिओवाल्यांना नाव आम्हीच दिलं होतं. फॉर्मवर गायिकेसाठी एकच ओळ होती, आम्ही थोरलीचं नाव लिहून मोकळ्या झालो.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग थोरलीच्या अंगणात केलं. जातं गोठ्यातून काढलं, ते इतकं गुळगुळीत झालेलं की टाकी लावून घ्यावी लागली. टाकी लावणारा माणूस शोधण्यातच आठ दिवस गेले. पहाटे पाचला दोघी बसल्या. जात्याची घरघर शब्दांवर चढायला लागली तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरीनं माईक धाकटीच्या खांद्यामागं धरला. पहिल्या दोन ओव्यांना ताळमेळ बसेना, थोरली म्हणाली, "हात ढिला सोड की गं." मग बसला. बंद खोलीत आठ ओव्यांना दोन तास लागले होते. इथं दोन पायली ज्वारी संपेपर्यंत सत्तावीस झाल्या. मधे एका ओवीत दोघींनी एकाच वेळी आपापल्या भावाचं नाव घातलं. परत म्हणा म्हटलं तर दोघीही तयार नव्हत्या.

या वेळी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही दोघींची नावं, दोघींची माहेरं आणि दोघींच्या आयांची नावं लिहिली. धाकटी पुढच्या बैठकीला आली, राहिलेली बचत भरली. त्या पाच ओव्यांपैकी एक आपल्याच माहेरची आहे, असं थोरली अजून म्हणते.