दत्तक बाळासाठी नावाचा दागिना घडवताय? मग नाव, तारीख आणि चिन्ह ठरवण्याआधी हे वाचा

बारशाला चांदीचे वाळे, कमरेला करदोडा, मनगटात काळे मणी. मराठी घरात बाळाचं स्वागत दागिन्याशिवाय होत नाही. आता त्यात नाव कोरलेलं कडं, जन्मतारखेचं पेंडंट आणि आई-बाबा-बाळाच्या आद्याक्षरांचं ब्रेसलेट यांची भर पडली आहे.

दत्तक बाळासाठी असा दागिना करायचा म्हटलं की एक वेगळा प्रश्न येतो. बाळ घरी येण्याआधीही त्याला एक नाव, एक गाव आणि एक भाषा होती. दागिन्यावर त्यातलं काय येणार? की फक्त नवीन घराचंच नाव येणार?

'दुसऱ्या संस्कृतीतलं मूल' म्हणजे कोण?

हा विषय फक्त परदेशी पालकांचा आहे असं वाटू शकतं. आकडे वेगळं सांगतात. केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या ('कारा') आकडेवारीनुसार २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यातली ४,१५५ भारतातल्याच कुटुंबांत गेली.

ही प्रक्रिया देशभरासाठी एकाच ऑनलाइन पोर्टलवरून चालते. त्यामुळे भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या आसगावच्या एखाद्या जोडप्याने नोंदणी केली, तर त्यांच्या घरी येणारं मूल ओडिशाचं किंवा झारखंडचं असू शकतं. ते दोन-चार वर्षांचं असेल, तर त्याच्या कानावर आधी वेगळी भाषा पडलेली असते.

समाजाची चौकट ओलांडून दत्तक घेणं महाराष्ट्राला नवीन नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं होतं.

नाव कोणतं कोरायचं?

ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर हिचं उदाहरण बघा. तिचा जन्म १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात झाला. ससून रुग्णालयाच्या आवारातल्या 'श्रीवत्स' या संस्थेत तिचं नाव लैला होतं. हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी तिला दत्तक घेतलं आणि ती लिसा झाली. आडनाव मराठी, आई इंग्लंडची, क्रिकेट ऑस्ट्रेलियाचं आणि सुरुवातीचं नाव लैला. या चारही गोष्टी तिच्याच आहेत.

नाव बदलू नये असा नियम नाही, बरीच कुटुंबं ते बदलतात. पण मूल मोठं असेल तर ते जुन्या नावाला ओ देत असतं. अशा वेळी कड्याच्या दर्शनी बाजूला नवीन नाव आणि आतल्या बाजूला आधीचं नाव कोरून घेता येतं. आधीचं नाव जगाला दिसत नाही, पण हरवतही नाही. मूल समजतं झालं की ते नाव दाखवायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.

आधीची माहिती कुठून मिळणार? दत्तक नियमांनुसार संस्थेने प्रत्येक मुलाचा एक स्मृती-अल्बम तयार करून पालकांना द्यायचा असतो. त्यात मुलाचे फोटो, आतापर्यंतचा प्रवास आणि आवडीनिवडी असतात. जन्मदात्या पालकांचा तपशील त्यात नसतो. दागिन्यावर काय यावं हे ठरवताना नमुन्यांच्या कॅटलॉगआधी हा अल्बम उघडावा.

तारीख कोणती?

दत्तक मुलाच्या बाबतीत तीन तारखा असतात: जन्माची, घरी आल्याची आणि दत्तक आदेशाची. सोडून दिलेल्या बाळाची जन्मतारीख अनेकदा वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने ठरवलेली असते. बाळ आधी 'दत्तकपूर्व संगोपना'साठी घरी येतं आणि अंतिम आदेश नंतर होतो. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आसगावच्या कुटुंबासाठीही तो मुलाची संस्था ज्या जिल्ह्यात आहे, तिथून येईल.

घरी आल्याचा दिवस पालकांसाठी आनंदाचा असतो. मुलासाठी मात्र तो ओळखीची माणसं सुटल्याचाही दिवस असू शकतो. त्यामुळे फक्त ती एकच तारीख कोरण्याऐवजी जन्मतारीख आधी आणि घरी आल्याची तारीख नंतर, अशा दोन्ही घेतल्या तर गोष्ट पूर्ण होते.

चिन्ह कुणाचं?

परदेशात दत्तक कुटुंबांसाठीचे दागिने ही वेगळी बाजारपेठ आहे. त्यात दोन चिन्हं नेहमी दिसतात. पहिलं म्हणजे त्रिकोणात गुंफलेलं हृदय. त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे मूल, जन्मदाते आणि दत्तक पालक.

दुसरं चिन्ह चिनी 'लाल धाग्या'चं. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त चिनी मुलं परदेशात दत्तक गेली. चीनने २०२४ मध्ये ही पद्धत जवळपास बंद केली. या मुलांच्या पालकांमध्ये लाल धाग्याचं ब्रेसलेट लोकप्रिय झालं. 'नियतीने आम्हाला आधीच जोडलं होतं' असा त्याचा अर्थ लावला गेला. मूळ चिनी कथेत मात्र हा धागा भावी नवरा-बायकोला जोडतो. शिवाय 'हे नशिबातच होतं' असं म्हटलं, तर जन्मदात्या आईपासूनची ताटातूटही नशिबातच होती, असा अर्थ निघतो. मोठ्या झालेल्या अनेक दत्तक मुलांना ही मांडणी खटकते.

उसनं चिन्ह घेण्यापेक्षा मुलाच्या मूळ प्रदेशाची कारागिरी घेणं जास्त खरं ठरतं. मूल ओडिशाचं असेल तर कटकची चांदीच्या तारेची 'तारकसी' आहे, तिला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. मूल बस्तरच्या भागातलं असेल तर ढोकरा धातुकाम आहे. उलट, मराठी मूल परदेशी जात असेल तर कोल्हापुरी साजाच्या पानांतला मासा किंवा कासव चांदीच्या पेंडंटवर घेता येतं.

वस्तू आणि ओळख यांचं जुनं नातं

लंडनमध्ये १७४१ पासून 'फाउंडलिंग हॉस्पिटल' ही संस्था बाळांना सांभाळायला घेऊ लागली. तिथे बाळ ठेवताना अनेक आया एखादी खूण देत: नाव कोरलेलं नाणं, लॉकेट किंवा कापडाचा तुकडा. पुढे कधी आई परत आली, तर त्या खुणेवरून बाळाची ओळख पटावी हा हेतू. पण त्या खुणा संस्थेच्या कागदपत्रांतच सीलबंद राहत, मुलांच्या हाती पडत नसत. त्यातल्या बऱ्याच आज लंडनच्या संग्रहालयात आहेत.

म्हणून बाळासोबत संस्थेतून दोरा, ताईत किंवा एखादा कपडा आला असेल, तर तो जुना म्हणून टाकू नका. तो वितळवून किंवा बदलून नवीन घडवू नका. डबीत घालून, चिठ्ठी लिहून ठेवा. नवीन दागिना कधीही होईल.

बाळाच्या अंगावर काय घालू नये?

- गळ्यातलं काहीही झोपेत नको. झोपेत मण्यांच्या माळेचा फास बसून दीड वर्षांचं एक बाळ दगावल्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये दात येतानाच्या माळांबाबत इशारा दिला होता. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्यालाही हा धोका आहे.
- तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे मणी, घुंगरू किंवा खडे नकोत. ते सुटून घशात अडकू शकतात.
- स्वस्त मिश्रधातूत निकेल किंवा शिसं असू शकतं.

मोठा दागिना आत्ताच घडवायचा असेल तर तो जपून ठेवा आणि मूल मोठं झाल्यावर द्या.

सोन्याचा घेताना

हॉलमार्क असलेल्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि बाळाचं पेंडंट बहुतेक वेळा त्याहून हलकं असतं. वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या छोट्या सराफांनाही सूट आहे. अशा वेळी कॅरेट, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेलं पक्कं बिल मागा.

देवनागरीत नाव कोरायचं असेल तर जोडाक्षरं कागदावर मोठी लिहून द्या. लहान पेंडंटवर 'श्री' किंवा 'ज्ञा' पुसट होतं.

दागिनाच हवा असं नाही

भांड्यावर नाव टाकून घेणं ही आपली जुनी पद्धत आहे. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त आणि तारीख, हे सगळं एका वाटीवर मावतं. भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखला जातो. मुलाची दोन्ही नावं आणि दोन्ही गावं कोरलेली पितळी वाटी कमी खर्चात होते, अंगावर घालावी लागत नाही आणि पिढ्यान् पिढ्या टिकते.

फोटो टाकण्याआधी

नाव आणि तारीख स्पष्ट दिसणाऱ्या कड्याचा फोटो स्टेटसला टाकला, की मुलाची ओळख उघड होते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे अंतिम आदेश होईपर्यंत तरी नाव, चेहरा आणि संस्थेचं नाव ऑनलाइन नको. आदेशानंतरही मुलाची आधीची कहाणी जगाला सांगायची की नाही, हा निर्णय मुलाचा आहे.

पुढे मुलाला आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर नियमांत त्याची तरतूद आहे. १८ वर्षांनंतर ते स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी दत्तक पालकांसोबत करता येतो. त्रयस्थ व्यक्तीला हा शोध घेता येत नाही आणि जन्मदात्यांच्या गोपनीयतेला धक्का लावता येत नाही. म्हणजे या वाटेवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेलच असं नाही. कड्याच्या आतलं ते एक नाव आणि अल्बममधली चार पानं कदाचित तेवढंच मुलाच्या हातात असेल. त्यामुळे कोरण्याआधी स्पेलिंग आणि तारीख संस्थेच्या कागदाशी एकदा ताडून पाहा.