लंडनचे सर्पगृह आणि ऊन-सावलीचा हिशेब

शाळेत आपण सापाला ‘थंड रक्ताचा प्राणी’ म्हणून शिकलो. या एका शब्दाने बरेच नुकसान केले आहे. साप, सरडे, कासवे यांचे रक्त थंडच असते असे नाही. अंगाची ऊब ते मुख्यतः बाहेरून घेतात, इतकेच. कधी ऊन, कधी तापलेला दगड. म्हणूनच पिंजऱ्यातल्या सापाचे जगणे पाळणाऱ्याच्या हाती जाते. गारठ्यात त्याचे पचन थांबते, गिळलेले भक्ष्य पोटात सडते. उलट ऊब वाढली आणि सावली नसली, तर तो त्याहून लवकर मरतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. तिथे १८६२ मध्ये एका आफ्रिकी अजगर मादीने अंड्यांभोवती वेटोळे घातले, तेव्हा फिलिप स्क्लेटर यांनी तिचे तापमान मोजून नोंदवले. म्हणजे मोजण्याची सवय जुनी. पण मोजणे वेगळे आणि त्या मोजमापावर घर बांधणे वेगळे.

ते काम जोन प्रॉक्टर यांनी केले. पोटाच्या जुनाट दुखण्यामुळे त्यांचे केंब्रिजचे शिक्षण हुकले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बूलेंजर यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि १९२३ साली, पंचविशीत, याच संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख झाल्या. त्या काळात एका बाईच्या हाती विषारी सापांचा कारभार ही वर्तमानपत्रांना बातमीच वाटे. त्यांची खरी करामत मात्र भिंतींच्या आत होती. वास्तुविशारद गाय डॉबर यांच्यासोबत त्यांनी आखलेले नवे घर १९२७ मध्ये उघडले. सगळ्या घराला एकसारखी ऊब देण्याऐवजी विजेच्या साहाय्याने जागोजागी वेगवेगळी ऊब देण्याची सोय त्यात होती. काचाही खास, अतिनील किरण आत येऊ देणाऱ्या. वाळवंटातला सरडा आणि दलदलीतला साप यांना एकच हवा मानवत नाही, हे तिथे बांधकामातच धरले होते.

याची शास्त्रीय बाजू पुढे अमेरिकेत उलगडली. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ साली वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास छापला. हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपले तापमान एका ठरावीक टप्प्यात राखतात आणि त्यांना सोसवणारी कमाल उष्णता व मारणारी उष्णता यांत अंतर फार थोडे असते, असे त्यांना दिसले. प्रॉक्टर तोवर हयात नव्हत्या. १९३१ मध्ये, ३४व्या वर्षी त्या गेल्या.

आजही पुष्कळ हौशी लोक पेटीच्या काचेला एकच तापमापक चिकटवून निर्धास्त होतात. तो काचेजवळची हवा मोजतो. दिव्याखालचा दगड किती तापला आणि दुसऱ्या टोकाचा आडोसा किती गार आहे, हे त्याला कळत नाही. सापाला मात्र दोन्ही टोके लागतात, आणि मधली जागा कोणती, हे तो स्वतः ठरवतो.