दुःखितांचें सांत्वन : एका दयाकर्माचा इतिहास

पवित्र ख्रिस्तसभा आपल्या लेकरांस चौदा दयाकर्में शिकवीत आली आहे. सात देहासंबंधींचीं व सात आत्म्यासंबंधींचीं. देहासंबंधींचीं पहिलीं सहा संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतून घेतलेलीं आहेत. मृतांस मूठमाती देणें हें सातवें कर्म मात्र तेथें सांपडत नाहीं. तोबीत नामक सत्पुरुष राजाच्या कोपाची पर्वा न करितां आपल्या बांधवांचीं टाकून दिलेलीं प्रेतें पुरीत असे. त्याच्या उदाहरणावरून तें मागाहून जोडलें गेलें. दुःखितांचें सांत्वन हें आत्म्यासंबंधींचें कर्म त्याचें जणूं जुळें भावंड होय. मृतास माती देणारा हात मागें राहिलेल्यांच्या पाठीवरून फिरला नाहीं, तर अर्धेंच काम झालें म्हणावयाचें. ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं या कर्माचा अल्पसा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहें.

इ. स. १४९८ त पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयानें लिस्बन शहरीं 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे दया, या नांवाचा भ्रातृसंघ स्थापन झाला. चौदाही दयाकर्में आचरणांत आणावीं हें त्याचें व्रत. सोळाव्या शतकांत तो गोव्यासही आला. त्याचे सभासद मुख्यतः प्रापंचिक माणसें होतीं. फांशी जाणाऱ्याच्या सोबतीस जावें, बेवारस प्रेत सन्मानानें पुरावें, विधवा व पोरक्या मुली यांची सोय लावावी, अशीं कामें ते करीत. त्यांच्यांत कुलीन व कारागीर असा भेद पाळला जात असे, हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. तथापि शोकाच्या प्रसंगीं शेजाऱ्यानें केवळ हळहळूं नये, तर कामाची वांटणी करून घ्यावी, ही शिस्त त्या संघानें घालून दिली.

आपल्या महाराष्ट्रास या कर्माची कसोटी ३० सप्टेंबर १९९३ रोजीं द्यावी लागली. आदल्या दिवशीं गणपतिविसर्जन आटोपून लोक झोंपीं गेले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आदि गांवांतील घरांच्या भिंती दगडमातीच्या व जाड, वर माळवदाचें ओझें. ज्या घरानें पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसापासून राखलें, तेंच अंगावर कोसळलें. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. सैन्यामागोमाग राज्याच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक धांवले आणि भर पावसांत त्यांनीं ढिगारे उपसून प्रेतें बाहेर काढलीं.

रोगराईच्या भयानें अनेक प्रेतांस घाईघाईनें एकत्र अग्नि द्यावा लागला. कित्येकांस आपल्या माणसाचें शेवटचें दर्शनही लाभलें नाहीं. आघातानें मेलेल्यांच्या प्रेतांमुळें सहसा सांथ पसरत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. म्हणून शक्य तोंवर ओळख पटवावी व आप्तांना निरोप घेऊं द्यावा, असा तिचा उपदेश आहे. भर चिखलांत राबणाऱ्या त्या स्वयंसेवकांस दोष देण्याचा अधिकार कोणास? परंतु तोबीताचा धडा येथें नव्यानें उमगतो. प्रेताची विल्हेवाट व मृताचा निरोप ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग लांबचें काम सुरू झालें. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनीं सुमारें १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पन्नालाल सुराणा व त्यांचे सहकारी यांनीं नळदुर्गानजीक 'आपलं घर' उभारून पोरक्या लेकरांस आसरा दिला. बावन्न गांवें नव्या जागीं वसलीं. पक्कीं घरें मिळालीं खरीं. पण चौकटीच्या आंखणींत कोठें कोठें जुना शेजार दुरावला. ज्या ओट्यावर बसून रडावें, तो ओटाच राहिला नाहीं. अशा वेळीं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्यानें शेकडों गांवांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढें आल्या. घरबांधणीची माहिती घरोघर पोंचवावी आणि घरोघरचें गाऱ्हाणें सरकारदरबारीं न्यावें, हें त्यांचें काम. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छ हादरलें, तेव्हां मराठवाड्यांतल्या अशा स्त्रिया तेथील भगिनींच्या भेटीस गेल्या. भाषा निराळी; पण पडलेलें घर पुन्हां उभें राहतें, हें सांगावयास त्यांच्याइतका खात्रीचा साक्षी दुसरा कोण असणार? आपणांस लाभलेलें सांत्वन दुसऱ्यास देण्यासाठींच असतें, असें संत पौल करिंथकरांस लिहितो. त्याचें हें जिवंत भाष्यच म्हणावें.

येथें ईयोबाच्या मित्रांची आठवण होते. ते आले, सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोंवर ते उत्तम सांत्वनकर्ते होते. त्यांनीं तोंड उघडून संकटाचें कारण त्याच्या पापांत शोधिलें, आणि तेथेंच ते चुकले. प्रभु येशू तर लाजरसाच्या कबरेपाशीं आधीं रडला. दुःखिताच्या घरीं जाणाऱ्यानें हा क्रम विसरूं नये.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांत मरण घडलें कीं अंगण भरून जातें, पेजेचीं भांडीं येतात, रोझरीस आळी लोटते. सातव्या दिवसाची मिस्सा झाली कीं गर्दी ओसरते, आणि खरा एकांत तेव्हांच सुरू होतो. ज्युबिलीची खूण म्हणून नवी कमान उभारण्यापेक्षां प्रत्येक वाडींतून दोन दोन माणसांनीं एवढा नेम करावा : ज्या घरीं मृत्यु झाला, तेथें वर्षभर महिन्यांतून एकदां जावें, बसावें, ऐकावें, मृताचें नांव मोठ्यानें घ्यावें व कागदपत्रांचें कांहीं अडलें असेल तर तें पाहावें. मोठी आपत्ति कधीं येईल तें देव जाणे. परंतु लहान शोकांत सोबत करावयास शिकलेलें धर्मग्रामच मोठ्या शोकांत उभें राहूं शकेल.

किल्लारीच्या व आपल्या सर्व मृतांस प्रभु चिरशांति देवो, आणि मागें राहिलेल्यांस आपल्या हातून धीर मिळो.