‘किंगडम ऑफ हेवन’ आणि जेरुसलेमची शरणागती : एक चिकित्सा

इतिहासाच्या अध्ययनात चित्रपट हे दुय्यम साधन मानले जाते. तथापि भूतकाळाची लोकमानसातील प्रतिमा घडविण्यात त्याचा वाटा अनेकदा ग्रंथांहून मोठा असतो. रिडले स्कॉट दिग्दर्शित ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) या चित्रपटाच्या संदर्भात हे प्रकर्षाने जाणवते.

चित्रपटातील बॅलियन हा फ्रान्समधील लोहार आहे. इतिहासातील इबेलिनचा बॅलियन मात्र जेरुसलेमच्या राज्यातील सरदार घराण्यात जन्मलेला होता. सिबिलाशी त्याचे प्रेमसंबंधही काल्पनिक होत. कथानकाची गरज म्हणून असे फेरफार क्षम्य मानता येतील. परंतु शरणागतीच्या प्रसंगातील मौन अधिक गंभीर आहे.

जुलै ११८७ मधील हत्तीनच्या पराभवानंतर २ ऑक्टोबर ११८७ रोजी जेरुसलेम सलाउद्दीनच्या हाती आले. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी केलेल्या कत्तलीची पुनरावृत्ती झाली नाही, हे चित्रपट योग्यच दाखवितो. मात्र सर्वांना विनाअट सुरक्षित वाट मिळाल्याचे त्यातील चित्र अपुरे आहे. प्रत्यक्षात पुरुषामागे १० व स्त्रीमागे ५ दिनार अशी खंडणी ठरली आणि ती भरण्यास ४० दिवसांची मुदत मिळाली. काही गरिबांच्या सुटकेसाठी ३०,००० दिनार एकरकमी देण्यात आले. सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याने १,००० जण मागून घेऊन मुक्त केले. पॅट्रिआर्क हेराक्लियस मात्र स्वतःपुरते १० दिनार भरून चर्चच्या संपत्तीसह बाहेर पडला, असे इब्न अल-अथीर नोंदवितो. सलाउद्दीनचा सचिव इमाद अद्-दीन याच्या वृत्तांतानुसार सुमारे १५,००० लोक खंडणीअभावी गुलामगिरीत गेले.

इराक युद्धानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या या चित्रपटाला सहिष्णुतेचा संदेश द्यावासा वाटला, हे समजण्याजोगे आहे. परंतु औदार्य उजळ करण्यासाठी त्याची किंमत वगळली, की ती किंमत मोजणारे निर्धनही इतिहासातून वगळले जातात. सलाउद्दीनची दया खरी होती आणि ती वाटाघाटीच्या चौकटीतली होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत.

म्हणून वर्गात हा प्रसंग अवश्य दाखवावा. परंतु त्यासोबत समकालीन इतिवृत्तेही वाचावीत. वेशीबाहेर पडणाऱ्या जनसमुदायाच्या दृश्यात कोण दिसत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडणे, हीच इतिहासाच्या अध्यापनाची फलश्रुती होय.