पगारी नट आणि बोलपटाची संस्था : अशोककुमार यांच्या कारकीर्दीचा एक विचार

हिंदी बोलपटाच्या इतिहासात अशोककुमार यांच्या उदयाची कथा बहुधा एकाच रीतीने सांगितली जाते. बॉम्बे टॉकीजच्या ‘जीवन नैया’ या बोलपटाच्या वेळी नायक नज्मुल हसन आणि नायिका देविकाराणी हे दोघे एकाएकी मुंबई सोडून निघून गेले. मध्यस्थीनंतर देविकाराणी परत आल्या, नज्मुल हसन यांना संस्थेचे दार बंद झाले, आणि नायकाची रिकामी जागा भरण्यासाठी संस्थेचे प्रमुख हिमांशु राय यांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणास बोलावून घेतले. तरुणास नट व्हावयाचे नव्हते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना त्याचा चेहरा, विशेषतः जबडा, पसंत नव्हता. तरीही राय यांनी आपला हट्ट सोडला नाही. १९३६ साली ‘जीवन नैया’ प्रदर्शित झाला आणि कुमुदलाल गांगुली यांचे ‘अशोककुमार’ झाले.

ही कथा स्वतः अशोककुमार यांनी उत्तरायुष्यात अनेकदा, आणि मोठ्या खुमारीने, सांगितलेली आहे. तिचा गाभा खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु अपघाताने जागा रिकामी का झाली एवढेच तिच्यावरून कळते. ती जागा प्रयोगशाळेतील माणसाने भरून निघू शकली, आणि पुढे साठ वर्षे निघाली, याचे उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर नटाच्या नशिबात शोधण्यापेक्षा त्याला पगार देणाऱ्या संस्थेच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते. अशोककुमार यांची कारकीर्द हा त्या रचनेचा, आणि तिच्या मोडतोडीचाही, एक दस्तऐवज आहे.

कुमुदलाल यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९११ रोजी भागलपूर येथे झाला. वडील कुंजलाल गांगुली हे तेव्हाच्या मध्यप्रांतातील खांडवा येथे वकिली करीत. मुलानेही वकील व्हावे अशी घरची अपेक्षा होती आणि त्यासाठी तो कलकत्त्यास कायद्याचे शिक्षण घेत होता. त्याचे मेहुणे शशधर मुकर्जी बॉम्बे टॉकीजच्या ध्वनिलेखन विभागात होते. त्यांच्या आधाराने कुमुदलाल मुंबईस आले ते बोलपटाचे तंत्र शिकण्याच्या हेतूने. पडद्यावर येण्याची हौस त्यामागे नव्हती. नट हा शब्द तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात ज्या स्वराने उच्चारला जाई, तो ध्यानात घेतला म्हणजे ‘तंत्रज्ञ’ होण्याची ही वाट का निवडली गेली ते समजते.

बॉम्बे टॉकीज ही संस्था १९३४ साली मालाड येथे उभी राहिली. ती भागभांडवलाची रीतसर नोंदलेली कंपनी होती, आणि तिच्या संचालक मंडळात एफ. ई. दिनशा, सर फिरोझ सेठना, सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी उद्योगाच्या व सार्वजनिक जीवनाच्या क्षेत्रातील माणसे होती. दिग्दर्शक ऑस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन श्प्रेटी व प्रयोगशाळेचे त्सोल्ले हे जर्मनीहून आलेले तंत्रज्ञ होते आणि त्यांच्या हाताखाली हिंदी तरुण काम शिकत. राय यांचा कटाक्ष पदवीधर व सुशिक्षित तरुण घेण्याकडे असे. नट असो, लेखक असो वा ध्वनिलेखक असो, सर्वांस महिन्याचा पगार आणि कामाची ठरलेली वेळ. एका विभागातून दुसऱ्या विभागात माणूस हलविणे ही अशा संस्थेत विलक्षण गोष्ट नव्हती. प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यास कॅमेऱ्यासमोर उभे करणे हा त्याच प्रथेचा, थोडासा धाडसी, विस्तार होता. ज्याला अपघात म्हटले जाते तो बऱ्याच अंशी कारखान्यातील बदलीचा हुकूम होता.

या पगारी व्यवस्थेचा अभिनयाशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. बोलपटाच्या पहिल्या पर्वातील हिंदी नट बहुतांशी पारशी रंगभूमीच्या वळणाचा होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची त्याची सवय मायक्रोफोनसमोरही सुटत नसे. अशोककुमार यांच्यापाशी सोडण्यासारखी अशी कोणतीच सवय नव्हती. प्रयोगशाळेत त्यांनी दुसऱ्यांचे अभिनय फिल्मच्या पट्टीवर पाहिले होते. नजरेची किंचित हालचालही पडद्यावर केवढी दिसते हे त्यांना व्यवसायानेच ठाऊक होते. ‘अछूत कन्या’ (१९३६) या बोलपटात रेल्वे फाटकावरील अस्पृश्य रखवालदाराच्या मुलीवर प्रेम करणारा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप त्यांनी रंगविला. आज ते काम पाहताना नटाचे अवघडलेपण लपत नाही. हात कोठे ठेवावेत हे त्यास कळत नाही. देविकाराणींच्या समोर तो बराचसा पाहुण्यासारखा वावरतो. परंतु संवाद मात्र शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलले गेले आहेत. गाणीही नायक-नायिकांनी स्वतःच्याच, बेताच्या, गळ्याने म्हटली. सरस्वतीदेवींनी त्या गळ्यांच्या मर्यादा ओळखून सोप्या चाली बांधल्या, आणि त्याच चाली घरोघर गेल्या.

या शैलीची समकालीनांस झालेली जाणीव कोठे दिसते? तिचा एक मौजेचा पुरावा मराठीत आहे. प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) या व्ही. शांताराम यांच्या बोलपटात बॉम्बे टॉकीजच्या गोड, गुळगुळीत प्रेमप्रसंगांचे उघड विडंबन केलेले आहे. विडंबन ओळखीच्या वस्तूचेच होऊ शकते. चार वर्षांत मालाडची रीत पुण्याच्या प्रेक्षकासही हसण्याइतकी परिचित झाली होती, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. विडंबनातील टीका अन्याय्य होती असेही नाही. त्या काळच्या अशोककुमारांच्या नायकात सौजन्य पुष्कळ आणि कणखरपणा थोडा होता.

हा कणखरपणा आला तो देविकाराणींच्या सावलीतून बाहेर पडल्यावर. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या बोलपटांत त्यांच्या नायिका लीला चिटणीस होत्या. ‘नाट्यमन्वंतर’च्या नव्या, स्वाभाविक नाट्यपद्धतीशी परिचय असलेल्या या सुशिक्षित मराठी अभिनेत्रीसमोर अशोककुमार यांना प्रथमच बरोबरीच्या नात्याने काम करण्याची संधी मिळाली. याच काळात संस्थेवर दोन आघात झाले. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध करण्यात आले आणि मे १९४० मध्ये हिमांशु राय मृत्यू पावले. त्यानंतर निर्मितीची दोन पथके झाली. एक देविकाराणी व अमिय चक्रवर्ती यांच्या बाजूचे, दुसरे शशधर मुकर्जी व ज्ञान मुकर्जी यांचे. अशोककुमार नात्याने व मनाने दुसऱ्या पथकात होते.

त्या दुसऱ्या पथकाने १९४३ साली ‘किस्मत’ दिला. तुरुंगातून सुटून आलेला, सिगारेट ओढणारा, सहज हसत दुसऱ्याचा खिसा कापणारा शेखर हा या बोलपटाचा नायक आहे. बाबुराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने गुन्हेगारास आकर्षक केल्याबद्दल त्यावर कडक टीका केली. प्रेक्षकांनी तो कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालविला. त्यातील प्रदीप यांच्या राष्ट्रीय गीताकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे जाते. शत्रू म्हणून जर्मन व जपानी यांचा उल्लेख असल्यामुळे ते सरकारी परीक्षणातून सुटले, आणि ऐकणाऱ्याने शत्रू कोण ते ओळखले. परंतु अभिनयाच्या इतिहासात ‘किस्मत’चे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. सात वर्षांपूर्वीचे प्रतापचे सौजन्य शेखरच्या ठायी आहे तसेच आहे. फक्त आता त्याच्या आड काय दडले आहे ते प्रेक्षकास ठाऊक आहे. आवाज न चढविता धोका सूचित करण्याची ही रीत हिंदी पडद्याला नवीन होती.

येथेच एक विरोध उभा राहतो, आणि अशोककुमार यांच्या चरित्रलेखनात त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. संस्थेने घडविलेला नट आता संस्थेपेक्षा मोठा झाला होता. युद्धकाळात नवा पैसा या धंद्यात शिरत होता आणि स्वतंत्र निर्माते एकेका बोलपटासाठी मोठी बिदागी देण्यास तयार होते. १९४३ सालीच अशोककुमार मेहबूब यांच्या ‘नजमा’त दिसले. त्याच वर्षी शशधर मुकर्जी, रायबहादूर चुनीलाल, ज्ञान मुकर्जी आणि अशोककुमार यांनी मालाड सोडले व गोरेगाव येथे ‘फिल्मिस्तान’ उभारली. तिकडे प्रभातमधून शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले होते. दोन्हीकडची कारणे निरनिराळी. फलित मात्र सारखे. बॉम्बे टॉकीजने ‘किस्मत’च्या रूपाने मिळविलेले यश हेच तिच्या विघटनाचे साधन झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. १९४५ साली देविकाराणीही निवृत्त झाल्या.

१९४७ च्या सुमारास अशोककुमार यांनी जुने ध्वनिलेखक सहकारी सावक वाच्छा यांच्यासह त्याच बॉम्बे टॉकीजची सूत्रे हाती घेतली. व्यवहारदृष्ट्या हा निर्णय शहाणपणाचा नव्हता. मोठमोठ्या बिदागीचा नट त्या वेळी कोणाचाही बांधील राहिला नव्हता, आणि अशा वेळी पगारी संस्थेचा बोजा खांद्यावर घ्यावयाचा हे वाऱ्याविरुद्ध चालण्यासारखे होते. फाळणीच्या त्या महिन्यांत संस्थेत काम करणाऱ्या मुसलमान लेखक-दिग्दर्शकांची संख्या लक्षणीय होती : शाहिद लतीफ, इस्मत चुगताई, कमाल अमरोही, नझीर अजमेरी, संगीतकार गुलाम हैदर. सआदत हसन मंटो हेही तेथे होते. मंटो यांनी पुढे पाकिस्तानात लिहिलेल्या अशोककुमारांच्या व्यक्तिचित्रात, या लोकांना कामावर ठेवल्याबद्दल संस्थेला धमकीची पत्रे येत, असे नमूद केले आहे. दंग्याच्या दिवसांत एका मुसलमान वस्तीतून मोटार जात असता भेदरलेल्या मंटोंच्या शेजारी बसलेल्या अशोककुमारांस जमावाने ओळखले आणि सुरक्षित गल्ली दाखविली, हा प्रसंगही त्यांनीच लिहिला आहे. मंटो हे कथाकार होते आणि त्यांचे व्यक्तिचित्र हे न्यायालयातील जबानी नव्हे. प्रसंगाची रचना कथेसारखी नेटकी आहे ही गोष्ट सावध वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. तथापि १९४८ च्या आरंभी मंटो मुंबई सोडून गेले आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी तेथेच राहून संस्थेचे उत्तम बोलपट केले, या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. लतीफ यांच्या ‘जिद्दी’ने (१९४८) देव आनंद यांस प्रतिष्ठा दिली आणि अशोककुमारांचे धाकटे बंधू किशोरकुमार यांना गाण्याची पहिली ठळक संधी दिली. अजमेरी यांच्या ‘मजबूर’मध्ये (१९४८) गुलाम हैदर यांनी लता मंगेशकर यांचा आवाज पुढे आणला.

‘महल’ (१९४९) हे या पर्वाचे शिखर होय. अमरोही यांचे हे पहिले दिग्दर्शन. स्थानबद्धतेतून सुटलेले विर्शिंग पुन्हा कॅमेऱ्यामागे होते. एके काळी स्वतः गाणाऱ्या या नटास ‘महल’मध्ये एकही गाणे नाही. सारी गाणी स्त्रीकंठांतून येतात आणि नायक ती ऐकत, शोधत, ओसाड वाड्यातून फिरतो. पार्श्वगायनाने नटाचा गळा काढून घेतला. ‘महल’ने त्याच्या ऐकण्यालाच भूमिका केले. बाहेरच्या आवाजाकडे वळणारी मान, अर्ध्यावर थांबलेले पाऊल, जवळजवळ न मिटणारे डोळे, एवढ्यावर बोलपटाचा मोठा भाग उभा आहे.

‘महल’च्या यशानेही संस्था तरली नाही. कर्ज वाढत गेले. १९५४ चा ‘बादबान’ हा संस्थेच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर उभा केलेला अखेरचा प्रयत्न होता; अशोककुमार व देव आनंद यांनी त्यात कामे केली. त्यानंतर मालाडची वास्तू बोलपटांची राहिली नाही. प्रभातही १९५३ मध्ये बंद पडली होती. स्वतःच्या नावाने काढलेल्या संस्थेसाठी अशोककुमार यांनी १९५३ साली बिमल रॉय यांच्याकडून ‘परिणीता’ करवून घेतला. तो त्यांच्या निर्मितीतील सर्वांत संयत बोलपट आहे, आणि मालाडच्या वळणाचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो.

पुढील कारकीर्द विस्तृत आहे, पण तिची नोंद थोडक्यात घेणे पुरे. नायक म्हणून वय उलटत असता त्यांनी बाजूच्या भूमिकांकडे वळण्यास संकोच केला नाही. ‘कानून’मधील (१९६०) न्यायाधीश, ‘बंदिनी’तील (१९६३) क्रांतिकारक, ‘ज्वेल थीफ’मधील (१९६७) सभ्य खलनायक ही कामे एकाच मुशीतील आहेत, शेवटचे तर शेखरचेच वृद्ध रूप म्हणता येईल. हृषीकेश मुकर्जी यांच्या ‘आशीर्वाद’साठी (१९६८) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई यांच्या संगीतात त्यात ते पुन्हा स्वतःच्या गळ्याने गायले. दिलीपकुमार यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे की, बॉम्बे टॉकीजमध्ये उमेदवारी करताना अशोककुमारांनी त्यांना एवढेच सांगितले होते : प्रत्यक्ष त्या प्रसंगात तुम्ही जे कराल तेच करा. पुढच्या पिढीकडे विद्या गेली ती अशी, कामाच्या जागी, दोन शब्दांत. १९८४ साली दूरदर्शनच्या ‘हम लोग’ मालिकेत भागाच्या अखेरीस ते प्रेक्षकांशी बोलत, तेव्हाही आवाज शेजारच्या माणसाशी बोलावे इतकाच होता. १९८८ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १० डिसेंबर २००१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मालाडच्या संस्थेतील माणसांची शेवटची गाठ मात्र ‘पाकीजा’त (१९७२) पडलेली दिसते. दिग्दर्शक अमरोही, छायालेखक विर्शिंग, जे चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, १९६७ मध्ये, मुंबईत मृत्यू पावले, ‘परिणीता’त अशोककुमारांची नायिका असलेल्या मीनाकुमारी येथे त्यांची कन्या. शहाबुद्दीनच्या भूमिकेतील अशोककुमारांवर काही दृश्यांत जो प्रकाश पडतो, तो टाकणारा हात १९३६ साली प्रयोगशाळेतून आलेल्या, जबडा जड असलेल्या तरुणावर प्रकाश टाकणाराच होता.