योगायोग कीं ज्ञान?

ठाण्यास, कल्याणास अथवा डोंबिवलीस विवाहाची बोलणीं निघालीं, कीं पुष्कळ घरीं प्रथम पत्रिका मागितली जाते. पत्रिकेवरून मनुष्याची बुद्धिही कळते, असा दावा केला जातो. तो खरा कीं खोटा, हें वादानें ठरत नाहीं. तें ठरविण्याची एक रीत आहे व तिला इतिहास आहे.

इंग्लंडांतील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीं १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत चहाचा दाखला दिला. पेल्यांत दूध आधीं घातलें कीं चहा, हें आपण चवीवरून ओळखतों, असें एक बाई म्हणे. आठ पेले करावयाचे. चारांत दूध आधीं, चारांत चहा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा. आतां बाईंचीं उत्तरें तशींच ठेवून त्या चिठ्ठ्या पुनःपुनः पिसल्या तर काय होईल? आठांतून चार पेले निवडण्याचे प्रकार ७०. पैकीं चारही जुळणारा प्रकार एकच. इतका विरळ योग घडला, तर त्यास निव्वळ योगायोग म्हणणें कठीण. परंतु चारांपैकीं तीन वा अधिक पेले १७ प्रकारांत जुळतात. तेवढ्यावरून ज्ञान सिद्ध होत नाहीं.

अशीच कसोटी २००८ सालीं पुण्यास लागली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनीं हुशार मुलांच्या १०० व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिष्यास त्यांतील ४० धाडल्या. २७ जणांचीं उत्तरें आलीं. सरासरी यश शेंकडा ४६. सर्वांत अधिक २४ उत्तरें एकाचीं बरोबर आलीं. पण २७ जणांनीं नुसतें नाणें उडविलें असतें, तरी तिघाचौघांस २४ वा अधिक साधलीं असतीं. एका संस्थेनें २०० ही पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर. मुलांच्या वर्गवारीच्या चिठ्ठ्या पिसून पुनः वाटल्या, तर इतकें यश शंभरांत चाळिसांहून अधिक वेळां आपोआप पदरीं पडतें.

या एका प्रयोगानें सारें ज्योतिष निकालांत निघालें, असें म्हणणें योग्य नव्हे. तथापि बुद्धीविषयींचा हा दावा येथें टिकला नाहीं. अशा मुलाच्या मातेस ‘हें पत्रिकेंतच होतें’ म्हणून जो बोल लाविला जातो, त्यास या आंकड्यांत कांहींच आधार नाहीं. म्हणून कोणी आपलें यश सांगूं लागला, तर नुसत्या योगायोगानें तें कितपत आलें असतें, हें आपण प्रथम विचारावें.